शंभरांमागे किती? वाचकांचे प्रश्न आणि फॅमिली डॉक्टरची उत्तरे

या अंकासाठी वाचकांच्या पत्रांतून सात प्रश्न घेतले आहेत. ते दुर्मीळ आजारांचे नाहीत. कोणत्याही गावातल्या दवाखान्यात रोज विचारले जाणारे आहेत. उत्तरे देताना मी एकच कसोटी लावली आहे. तुमच्यासारख्या शंभर माणसांवर हा उपाय केला तर किती जणांना फायदा होईल, किती जणांना अपाय होईल, आणि काहीही केले नाही तर किती जण आपोआप बरे होतील? यातला तिसरा भाग डॉक्टर आणि रुग्ण दोघेही विसरतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

प्रश्न (सांगलीहून एक शिक्षिका): दर पावसाळ्यात मला सर्दीनंतर खोकला लागतो आणि कफ पिवळा-हिरवा होतो. औषधाच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या की चार-पाच दिवसांत बरे वाटते. या वेळी नव्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून द्यायला नकार दिला. हिरवा कफ म्हणजे जंतुसंसर्ग, मग औषध का नाही?

उत्तर: कफाच्या रंगापासून सुरुवात करतो. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट रंगाचे एन्झाइम असते. त्या पेशी फुटल्या की कफाला तोच रंग येतो. शत्रू विषाणू असो वा जिवाणू, या पेशी येतातच. त्यामुळे रंगावरून शत्रू ओळखता येत नाही. तेरा देशांतल्या ३,४०० हून अधिक रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात रंगीत कफ असलेल्यांना डॉक्टरांनी सुमारे तिप्पट वेळा अँटिबायोटिक दिल्याचे दिसले; ते घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण मात्र सारख्याच गतीने बरे झाले.

आता शंभरांचा हिशेब. २०१३ साली युरोपातल्या बारा देशांत, न्यूमोनियाची शंका नसलेल्या पण खोकल्याने बेजार झालेल्या २,०६१ प्रौढांपैकी निम्म्यांना अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली गेली. खोकला किती दिवस टिकला यात फरक पडला नाही. औषध घेतलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांचा आजार बळावणे टळले, तर साधारण पाच जणांना केवळ त्या औषधामुळे मळमळ, जुलाब किंवा अंगावर पुरळ आले.

मग तुम्हाला दरवेळी गुण कसा येतो? खोकला बरा व्हायला किती दिवस लागतील असे लोकांना विचारले तर ते सात ते नऊ दिवस सांगतात. प्रत्यक्ष अभ्यासांची सरासरी मात्र जवळजवळ अठरा दिवस येते. माणूस दुकानात जातो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे आठव्या-दहाव्या दिवशी, आणि तिथून पुढे उतार सुरूच होणार असतो. गोळी आणि उतार एकाच वेळी आल्यामुळे श्रेय गोळीला मिळते. तुमचा अनुभव खरा आहे, फक्त त्याचे कारण वेगळे आहे.

माझा आग्रह केवळ पैसे किंवा जुलाब यांच्यापुरता नाही. टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे आपल्याकडे फारशी चालत नाहीत, आणि तोंडाने घेण्याजोग्या मोजक्या उरलेल्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसिनची गणना होते. ते आपण सर्दीवर उधळत आहोत, याची मला मनापासून काळजी वाटते.

दोन अपवाद सांगतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला खोकला नसताना जास्त ताप, टॉन्सिलवर पू आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर अँटिबायोटिकचा विचार करावाच लागतो, कारण घशाच्या त्या संसर्गानंतर हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप भारतातून गेलेला नाही. आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, वजन घटू लागले, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या; सरकारी केंद्रात ती मोफत तपासतात. धाप लागत असेल तर मात्र दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (पनवेलहून एक वडील): माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ताप आला. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले, त्यात विडाल १:१६० आले आणि टायफॉइड म्हणून सात दिवसांची इंजेक्शने सांगितली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी अंगावरचे पुरळ पाहून डेंग्यूची चाचणी केली, ती पॉझिटिव्ह निघाली. मग टायफॉइड खरा की खोटा?

उत्तर: बहुधा तो टायफॉइड नव्हता, आणि ही गल्लत अतिशय सर्रास होते. विडाल ही चाचणी १८९६ सालची आहे. तिच्यात टायफॉइडचे जंतू मोजत नाहीत, त्या जंतूंविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडे मोजतात. ही प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून खऱ्या टायफॉइडमध्येही दुसऱ्या दिवशी विडाल निगेटिव्ह येणे अपेक्षित असते. उलट, पूर्वी कधी होऊन गेलेला संसर्ग किंवा त्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूंशी आलेला संबंध यांमुळे निरोगी माणसाच्या रक्तातही ती सापडतात, आणि मलेरिया-डेंग्यूसारख्या तापांतही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. जिथे टायफॉइड कायम असतो अशा आपल्यासारख्या भागात एकदाच केलेल्या विडालवरून निदान करणे म्हणजे पावसाळ्यात ओले अंगण पाहून आताच पाऊस पडून गेला असे ठामपणे सांगणे आहे.

योग्य तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातले जंतू वाढवून पाहतात, त्यामुळे निदान पक्के होते आणि कोणते औषध लागू पडेल हेही कळते. ती परिपूर्ण आहे असे मात्र नाही. खऱ्या टायफॉइडच्या शंभर रुग्णांपैकी साधारण साठ जणांतच ती पॉझिटिव्ह येते, आणि आधी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील तर याहूनही कमी जणांत. म्हणूनच रक्त आधी घ्यायचे आणि औषध नंतर द्यायचे, हा क्रम मोडू नये. अहवाल यायला दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात, ती प्रतीक्षा पालकांना जड जाते हे मी जाणतो. पण मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल, तर पहिले तीन दिवस पॅरासिटामॉल, पातळ पदार्थ आणि रोज एकदा तपासणी एवढे बहुतेक तापांना पुरते. पावसाळ्यात पहिल्या दिवसापासून मलेरिया आणि डेंग्यू डोक्यात असावेत, कोकणपट्टीत लेप्टोस्पायरोसिसही (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप). सुस्ती, सतत उलट्या, पोटात जोरात दुखणे, कुठूनही रक्त येणे किंवा सहा तासांत लघवी न होणे ही मात्र थांबायची लक्षणे नव्हेत.

तुम्ही पनवेलचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्या शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मी लस दिली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस इतक्या मोठ्या प्रमाणावर देण्याचा जगातला तो पहिला कार्यक्रम होता. याच लसीची नेपाळमधल्या ललितपूरला सुमारे वीस हजार मुलांवर चाचणी झाली, आणि कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड लस घेतलेल्या गटात सुमारे ८२ टक्क्यांनी कमी आढळला. मुलीने ती घेतली नसेल तर बरी झाल्यावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न (जालन्याहून एक शेतकरी): माझी आई ७२ वर्षांची आहे. तिच्या हृदयाचे पंपिंग कमी आहे. अशक्तपणा वाटला की ती म्हणते, 'एक सलाईन लाव, ताकद येते.' गावातले डॉक्टर लावतात. शहरातले डॉक्टर रागावले. कोणाचे ऐकावे?

उत्तर: शहरातल्या डॉक्टरांचे. बाटलीत काय असते ते पाहू. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून याहून अधिक मिळतात, आणि वर प्रथिने व लोह मिळते ते वेगळेच. बाटली नॉर्मल सलाईनची असेल तर तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमांहून कमी मीठ घ्यायला सांगितले आहे. म्हणजे तासाभरात, थेट शिरेतून, जवळजवळ पूर्ण दिवसाचे मीठ अशक्त हृदयाच्या माणसाला दिले जाते. ते पाणी फुप्फुसात उतरले तर रात्री धाप लागते आणि आडवे पडवत नाही.

आईंना बरे वाटते हे मी नाकारत नाही. तासभर शांत पडून राहणे, शेजारी मुलगा बसलेला असणे, कोणीतरी आपली विचारपूस करणे, याला मोल आहे; ते सुईशिवाय द्यावे. अशक्तपणाचे कारण शोधावे. या वयात रक्तक्षय, थायरॉइड, साखर, बी-१२ची कमतरता, हृदयाच्याच औषधांमुळे सोडियम किंवा रक्तदाब उतरणे, आणि बोलून न दाखवलेले नैराश्य, यांपैकी काही ना काही पुष्कळदा सापडते.

जुलाबांत शरीरातले पाणी जाते तेव्हाही, माणूस पिऊ शकत असेल तोवर, शिरेपेक्षा तोंड हाच चांगला मार्ग आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. जिथे शंभरातले तीसपर्यंत दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते, हे त्यामागचे शास्त्र आहे. म्हणूनच साखरेचे प्रमाण अचूक हवे. एक लिटर पाण्यात कालवायच्या ओआरएसच्या, म्हणजे याच मीठ-साखरेच्या, पाकिटात ते साडेतेरा ग्रॅम असते. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तुमच्या आईंना मात्र जुलाब झाले तरी ओआरएस किती द्यायचे, ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न (पुण्याहून एक निवृत्त बँक अधिकारी): वय ६६, मधुमेह बारा वर्षे, हृदयविकार नाही. धाकट्या भावाला स्टेंट बसला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षे, मीही रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिनची ७५ची गोळी घेतो. आता डॉक्टर बंद करा म्हणतात. काही झाले तर?

उत्तर: भावाच्या आजाराने मनात बसलेली भीती मला समजते, म्हणून आकडे सविस्तर मांडतो. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी अ‍ॅस्पिरिन जीव वाचवणारे औषध आहे. तुमच्या भावाने ते स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. तुमचा प्रश्न वेगळा आहे. अजून काही झालेले नाही, तर ते होऊ नये म्हणून घ्यावे का?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'असेंड' या चाचणीत तुमच्यासारखेच, मधुमेह असलेले पण हृदयविकार नसलेले १५,४८० लोक होते. सरासरी ७.४ वर्षांत गंभीर हृदय-रक्तवाहिनी विकार अ‍ॅस्पिरिनच्या गटात ८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.६ टक्के लोकांना झाला. मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिनच्या गटात ४.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.२ टक्के लोकांना झाला. शंभर जणांनी सात वर्षांहून अधिक काळ रोज गोळी घेतली, तेव्हा एका माणसाचा झटका टळला आणि जवळजवळ एका माणसाला जठरात, डोळ्यात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना गोळीने काहीही केले नाही.

त्याच वर्षीची 'अ‍ॅस्प्री' ही चाचणी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ निरोगी वृद्धांवर झाली. त्यातले बहुसंख्य सत्तरीपुढचे होते. तिथे हृदयविकारात लक्षणीय घट दिसली नाही. मोठा रक्तस्राव मात्र दर हजारी दरवर्षी ६.२ वरून ८.६ वर गेला. तुम्ही सत्तरीकडे चालला आहात, म्हणजे तराजू दरवर्षी अपायाच्या बाजूला झुकत जाणार आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाने २०२२ साली साठीपुढे अशी गोळी नव्याने सुरू करू नये असा सल्ला दिला, तो याच पुराव्यावर.

'काही झाले तर?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की काहीही होण्याची शक्यता गोळी घेऊनही राहतेच. तुमच्या वयाच्या मधुमेही माणसाचा धोका ज्याने खरोखर कमी होतो ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, तुम्ही घेता का, हे पत्रात लिहिलेले नाही. रक्तदाब किती आहे, तंबाखू आहे का, तेही नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर अ‍ॅस्पिरिनऐवजी या तीन गोष्टींवर बोला. गोळी बंद करायचा निर्णयही त्यांच्यासमोर बसूनच घ्या, कारण तुमच्या पायांच्या रक्तवाहिन्यांची स्थिती मला पत्रातून दिसत नाही.

प्रश्न (नाशिकहून एक गृहिणी): बीपीची गोळी रात्री घेतली तर अधिक चांगली असे मोबाइलवर वाचले. मी सकाळी घेते. बदलू का?

उत्तर: बदलायची गरज नाही. ब्रिटनमधल्या २१,१०४ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या 'टाइम' या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. झटका, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू सकाळी गोळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के आणि रात्री घेणाऱ्यांत ३.४ टक्के होते. हा फरक योगायोगापलीकडचा नाही. जी वेळ तुम्हाला रोज आठवते तीच योग्य वेळ. लघवी वाढवणारे औषध असेल तर मात्र ते सकाळीच घ्या, म्हणजे रात्री उठावे लागणार नाही आणि अंधारात पडण्याची भीती राहणार नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक संगणक अभियंता): वय ३६. तीन आठवड्यांपासून कंबर दुखते. एमआरआय केला, त्यात 'डिस्क बल्ज' आणि 'डिस्क डीजनरेशन' लिहिले आहे. घरचे म्हणतात मणक्यात गॅप आला, झोपून राहा. ऑपरेशन लागेल का?

उत्तर: तुमच्या पत्रात पाय बधिर झाल्याचा, पायातली ताकद गेल्याचा, लघवी-संडासवरचा ताबा सुटल्याचा, तापाचा किंवा वजन घटल्याचा उल्लेख नाही. ही लक्षणे खरोखरच नसतील तर ऑपरेशनचा विचारही करू नका. त्या अहवालातले शब्द आजाराचे आहेत असे वाटते, पण ते बहुतांशी वयाचे आहेत. कंबर कधीच न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षांच्या शंभर जणांत ३० जणांची आणि ऐंशी वर्षांच्या शंभर जणांत ८४ जणांची डिस्क फुगलेली आढळली. केस पिकतात तशा मणक्यांमधल्या चकत्याही पिकतात. तुमचा एमआरआय दुखणे सुरू होण्याच्या महिनाभर आधी काढला असता तरी त्यात बहुधा हेच दिसले असते.

झोपून राहणे हा सल्ला प्रेमाचा आहे, पण उलटा आहे. १९९५ साली हेलसिंकीत १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सोसेल तेवढी नेहमीची कामे करायला सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. गोळ्यांबाबतही अपेक्षा माफक ठेवा. सिडनीत १,६५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरे व्हायला साधारण सतरा दिवस लागले, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना सोळा. चालत राहा, तासाभराने खुर्चीतून उठा, गरम शेक घ्या. सहा आठवड्यांनंतरही दुखणे तसेच राहिले तर पुन्हा दाखवा. आपल्या देशात एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतो: रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि बारीक ताप. मणक्याचा क्षयरोग याच वाटेने येतो, आणि तिथे एमआरआय लगेच हवा.

प्रश्न (सोलापूर जिल्ह्यातून एक अंगणवाडी सेविका): वय ४८, काही त्रास नाही. एका शिबिरात ऐंशी तपासण्यांचे पॅकेज सवलतीत देत आहेत. त्यात व्हिटॅमिन डी, संधिवात, कॅन्सर मार्कर सगळे आहे. करून घ्यावे का?

उत्तर: ते पॅकेज घेऊ नका, पण तपासणी मात्र जरूर करून घ्या. या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते सांगतो.

प्रयोगशाळेच्या अहवालात 'नॉर्मल'ची जी मर्यादा छापलेली असते ती साधारणपणे निरोगी लोकांतल्या मधल्या पंचाण्णव टक्क्यांची असते. याचा अर्थ पूर्ण निरोगी माणसाचीही वीसांतली एक तपासणी मर्यादेबाहेर जाणार. ऐंशी तपासण्या केल्या तर सरासरी चार ठळक अक्षरांत छापून येतील. मग त्या चारांचा पाठपुरावा, सोनोग्राफी, पुन्हा रक्त, आणि महिनाभर उडालेली झोप. सरसकट आरोग्य तपासण्यांवर अडीच लाखांहून अधिक लोकांत झालेल्या अभ्यासांचा, वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१९ साली आढावा घेतला, तेव्हा अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यू, हृदयविकाराचे मृत्यू किंवा कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

व्हिटॅमिन डीचा अहवाल बहुतेकांचा कमी येतो आणि साठ हजार युनिटच्या पुड्या सुरू होतात. अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांना रोज २,००० युनिट डी किंवा औषध नसलेली गोळी पाच वर्षे देऊन पाहिले. कर्करोग, हृदयविकार किंवा हाडे मोडणे यांत फरक पडला नाही. त्या लोकांत मुळात तीव्र कमतरता असलेले थोडे होते, हे मान्य करायला हवे. म्हणून हाडे दुखणे, वारंवार अस्थिभंग किंवा पूर्ण अंग झाकून घरातच राहणे असे कारण असेल तर तपासणी आणि उपचार योग्यच आहेत. पण पुड्या महिनोन्‌महिने रोज घेऊन रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडे बिघडतात, तेही घडते.

तुम्ही काय करावे? रक्तदाब मोजा, साखर तपासा. तुम्ही किंवा घरातले कोणी तंबाखू, मशेरी, गुटखा घेत असेल तर तोंड उजेडात तपासून घ्या. केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. छातीत गाठ आहे का हे दर दोन वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीकडून तपासून घ्या. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे हा अभ्यास केला. सगळ्या वयोगटांचा मिळून विचार केला तर मृत्यूंत ठोस घट सिद्ध झाली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही त्या वयाच्या उंबरठ्यावर आहात.

आणि गर्भाशयमुखाची तपासणी. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा पुरावा तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. गावांचे चार गट केले: हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची पॅप तपासणी, व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे, आणि नेहमीची सेवा. आठ वर्षांनी, एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या होत्या. आकाराने त्याहून थोड्या लहान असलेल्या नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर नंतर कडाडून चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. जगातल्या अनेक देशांनी ही चाचणी स्वीकारताना ज्या पुराव्याकडे पाहिले तो त्या बायकांनी दिलेला आहे, आणि त्याच भागातल्या कित्येक बायकांची तपासणी आजही झालेली नाही, हे मला फार बोचते.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तिथे एचपीव्हीची सोय नसेल तर व्हिनेगरची तपासणी तरी करून घ्या. धाराशिवच्या अभ्यासात तिने मृत्यू ठोसपणे घटलेले दिसले नव्हते, पण मुंबईत दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केल्यावर ते सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पुढची चाचणी पाच वर्षांनी केली तरी चालते. तपासणीला दहा मिनिटे लागतात, दुखत नाही, आणि पाळी चालू नसलेला कोणताही दिवस चालतो. जाताना अंगणवाडीत येणाऱ्या दोन-तीन जणींना बरोबर घेऊन जा.